ऑइल सील दोनदा बदलूनही गिअरबॉक्समधून तेल गळत राहते, तेव्हा कारण कुठे शोधावे

आमच्या पेट्रोल हॅचबॅकच्या गिअरबॉक्समधून २०२२ या एका वर्षात तीन वेळा तेल गळले. जानेवारीत आणि जूनमध्ये डाव्या ड्राइव्ह शाफ्टचा ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारे रबरी कडे, बदलून घेतला. दोन्ही वेळा गळती थांबली आणि दोन्ही वेळा चार-पाच महिन्यांत डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, अंगणातल्या फरशीवर, रुपयाएवढा तपकिरी डाग पुन्हा दिसू लागला. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा तेच घडले, तेव्हा नवा सील आणण्याआधी जुना सील टिकत का नाही हे शोधायचे ठरवले. मूळ कारण इतके साधे निघाले की ते आधी पाहिले असते तर दोन वेळची मजुरी, दोन वेळचे तेल आणि मधल्या महिन्यांतली काळजी हे सगळेच वाचले असते. हाच त्रास इतर अनेकांना होतो हे ठाऊक असल्यामुळे ती सगळी तपासणी येथे सविस्तर लिहीत आहे.

येथे जे लिहिले आहे ते पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, पाच गिअरच्या मॅन्युअल गाडीविषयी आहे; आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची रचना अशीच असते. तिच्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) ॲल्युमिनियमच्या एकाच कवचात असतात, दोघांना एकच तेल पुरते आणि त्या कवचाच्या दोन्ही बाजूंनी निघणारे ड्राइव्ह शाफ्ट पुढची चाके फिरवतात. सगळे मिळून तेल साधारण दोन ते अडीच लिटर असते. इंजिनाच्या तेलाची असते तशी पातळी दाखवणारी पट्टी बहुतेक गाड्यांच्या गिअरबॉक्सला नसते आणि तेल कमी झाल्याचे सांगणारा दिवाही नसतो. त्यामुळे अर्धा लिटर तेल निघून गेले तरी चालवणाऱ्याला काही कळत नाही. कळते ते वरच्या गिअरमध्ये बारीक घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागल्यावर, आणि तोवर वरच्या बाजूच्या बेअरिंगना तेलाअभावी इजा होऊन गेलेली असते. म्हणून डाग लहान दिसला तरी तो दुर्लक्षून चालत नाही.

तेल नेमके कशाचे आहे

गाडीखाली पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा रात्रभर पसरून ठेवावा आणि त्यावर पुढच्या दोन्ही चाकांची जागा पेन्सिलीने आखून घ्यावी. सकाळी थेंब कुठे पडले हे नेमके समजते आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर तेलाचा खरा रंगही दिसतो. फरशीवर किंवा मातीवर सगळेच डाग काळपट दिसत असल्यामुळे तिथे रंगावरून काही ठरवू नये.

गिअरबॉक्सचे तेल नवे असताना मधासारखे असते, पुढे तपकिरी होत जाते. मात्र पेट्रोल गाडीच्या इंजिनाचे वापरलेले तेल जसे काळे पडते तसे ते सहसा पडत नाही. बोटांत चोळले तर ते दाट लागते. खरी ओळख त्याच्या वासाने पटते. गिअरच्या दातांवर येणारा प्रचंड दाब सहन व्हावा म्हणून या तेलात गंधकयुक्त रसायने मिसळलेली असतात आणि त्यामुळे त्याला कुजलेल्या लसणासारखा उग्र वास येतो. तो एकदा नाकात बसला की पुन्हा चुकत नाही. इंजिनाच्या तेलाचा वास जळकट असतो. कूलंट पाण्यासारखे पातळ, हिरवे किंवा गुलाबी असते आणि त्याचा वास गोडसर येतो. एसीचे पाणी म्हणजे निव्वळ पाणी, त्याची चिंता नको. ब्रेक ऑइल पातळ आणि फिकट असते व ते पाण्यात मिसळून जाते. शंका असेल तर वाटीभर पाण्यात एक थेंब सोडून पाहावा, गिअर ऑइल असेल तर ते वर तरंगत राहील. काही गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये लाल रंगाचे ऑटोमॅटिकचे तेल भरलेले असते, त्यामुळे आपल्या गाडीत कोणते तेल आहे हे पुस्तिकेत आधी पाहून घ्यावे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटला की आतले काळे ग्रीस फिरत्या शाफ्टवरून भिरकावले जाते आणि रिमच्या आतल्या बाजूवर, सस्पेन्शनच्या आर्मवर वर्तुळाकार शिंतोड्यांत बसते. हे ग्रीस चिकट आणि गोळ्यागोळ्यांचे असते व ओघळत नाही. ते पाहून गिअरबॉक्स गळतो असे समजू नये, मात्र फाटलेला बूट लगेच बदलावा.

डागाच्या वरच गळती असते असे नाही

पुठ्ठ्यावरचा थेंब फक्त तेल शेवटी कुठून सुटले एवढेच सांगतो. गाडी चालताना समोरून येणारा वारा तेलाला मागे ढकलत नेतो आणि ते कवचाच्या बरगड्यांमधून खाली सरकत सर्वांत खालच्या बोल्टवर येऊन लोंबते. पहिल्या वेळी, सील बदलण्याआधी, गॅरेजमध्ये ड्रेन प्लग (तेल काढायचे तळाचे बूच) ओला दिसला म्हणून तोच आणखी आवळून गाडी परत मिळाली होती. प्लग ओला होता तो वरून आलेल्या तेलाने. शोध घेताना सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची, हे एवढे लक्षात ठेवले तर बराच वेळ वाचतो.

त्यासाठी आधी गिअरबॉक्स स्वच्छ करावा लागतो. तेलावर धूळ बसून जी काळी साल तयार होते तिच्याखाली काहीच दिसत नाही. डिग्रीझर फवारून, ब्रशने घासून, पाण्याने हलकेच धुऊन कवच पूर्ण कोरडे होऊ द्यावे. दाबाच्या पाण्याचा फवारा सीलच्या कडेवर किंवा वायरिंगच्या जोडांवर थेट मारू नये. कोरड्या कवचावर अंगाला लावायची टाल्कम पावडर हलक्या हाताने उडवावी, पंधरा-वीस किलोमीटर कोरड्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणावी आणि लगेच खालून विजेरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पावडरीत तेलाची ओघळ काढलेल्या रेघेसारखी स्पष्ट उठून दिसते. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही; पाऊस असेल तर तेलात मिसळायचा अतिनील रंग आणि त्याची विजेरी वापरावी किंवा पावसाने दोन दिवस उघडीप द्यायची वाट पाहावी.

गाडीखाली जाण्यापूर्वी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासाठीही, जाऊ नये. सपाट आणि पक्क्या जमिनीवर, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावून, हँडब्रेक ओढून, गाडी दोन मजबूत स्टँडवर टेकवावी आणि आत शिरण्यापूर्वी ती हाताने जोर लावून हलवून पाहावी. अंगणात मातीच असेल तर हे काम रँप असलेल्या गॅरेजमध्येच करावे.

गळतीच्या जागा मोजक्याच आहेत. ड्रेन प्लग आणि तेल भरायचा प्लग यांखाली तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर असते. ते एकदाच चेपायचे असल्यामुळे प्रत्येक वेळी नवे घालावे. प्लग जास्त आवळून गळती थांबवायचा प्रयत्न केला तर ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात आणि मग आत नवे आटे बसवावे लागतात, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या जोरावर, थांबावे. रिव्हर्स लाइटचा स्विच आणि स्पीडोमीटरचा गिअर किंवा सेन्सर यांच्या ओ-रिंग (रबरी कडी) वयोमानाने कडक होतात. त्या स्वस्त आहेत आणि काही मिनिटांत बदलता येतात. गिअर लिव्हरच्या केबल जिथे जोडलेल्या असतात त्या सिलेक्टर शाफ्टचा छोटा सीलही झिजतो आणि त्याचे तेल वरून खाली सगळीकडे पसरल्यामुळे फार दिशाभूल करते. कवचाच्या दोन भागांमधला जोड पाझरत असेल तर त्यावर बाहेरून एम-सील किंवा सिलिकॉन थापून काही होत नाही, कारण तेलकट पृष्ठभागावर ते धरतच नाही. तो जोड उघडून, जुना लेप ॲल्युमिनियमला ओरखडे न पाडता काढून, पातळ थराचा नवा सीलंट लावूनच बसवावा लागतो. हे काम घरी करण्यासारखे नाही.

बेल हाउसिंगमधून थेंब येत असल्यास

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या घंटेसारख्या भागाच्या तळाशी एक लहान छिद्र किंवा फट असते. तिथून थेंब येत असेल तर प्रकरण वेगळे असते, कारण त्या पोकळीत क्लच बसलेला असतो आणि तिच्यात तेल तीन ठिकाणांहून येऊ शकते. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा मागचा सील गेला असेल तर इंजिनाचे काळे तेल येते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा सील गेला असेल तर वासाचे गिअर ऑइल येते. आणि क्लच हायड्रॉलिक असून त्याचा सिलिंडर आतच बसवलेला असेल तर तो फुटल्यावर ब्रेक ऑइल गळते. तेव्हा क्लचचा पेडल मऊ पडतो आणि बॉनेटखालच्या टाकीतली पातळी उतरते. छिद्राशी बोट लावून, तो थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन, रंग आणि वास पाहिल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवायला संमती देऊ नये.

तेल क्लचप्लेटवर पोहोचले की गाडी जागेवरून पुढे घेताना थरथरते, चढावर क्लच घसरतो आणि इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढत नाही. तेल प्यालेली प्लेट धुऊन पुन्हा वापरता येत नाही. इनपुट शाफ्टच्या सीलसाठी गिअरबॉक्स खाली उतरवणे अटळ असते आणि खरी मजुरी त्याचीच असते. म्हणून तो उतरलेला असताना क्रँकशाफ्टचा मागचा सील आणि रिलीज बेअरिंग बदलून घ्यावे आणि क्लचप्लेट अर्धी झिजलेली असेल तर तीही बदलावी.

सील बदलूनही गळती परत का येते

आमच्या गाडीत पावडरीने जागा नक्की झाली होती. डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या भोवती, सीलच्या कडेपासून खाली, बोटभर रुंदीची ओली पट्टी उतरलेली होती आणि तिच्या वर सगळे कोरडे होते. गॅरेजचे निदान चुकीचे नव्हते. तेल सीलमधूनच येत होते. पण पाच महिने वापरलेला सील हातात घेतला तेव्हा त्याचे रबर मऊ होते, शाफ्टवर टेकणारी कड, म्हणजे ओठ, शाबूत होता, आतले स्प्रिंगचे कडे जागेवर होते. सहसा हा सील अनेक वर्षे टिकतो. इतक्या लवकर तो हरतो, तर त्याला हरवणारे दुसरे काही असले पाहिजे, हा विचार त्या क्षणी प्रथम मनात आला.

आमच्या शेजारी एक काका राहतात, ज्यांनी सारे आयुष्य एस.टी.च्या कार्यशाळेत काढले. तो सील त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो बोटांत फिरवून परत दिला आणि विचारले, "ब्रीदर बघितलास का?" मी म्हटले, "काका, तो कुठे असतो हेच मला ठाऊक नाही." त्यावर ते म्हणाले, "मग आधी घाट चढून ये. पुढचे मग बघू."

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आणि उतरून मी परत आलो. गाडी स्टँडवर घेऊन, इंजिन बंद करून, काकांनी हातमोजे घालून तेल भरायचा प्लग पाव फेरा सैल केला. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबल्यावर येतो तसा फुस्स आवाज दोन-तीन सेकंद येत राहिला. तेल गळून पातळी छिद्राच्या खाली गेलेली असल्यामुळे बाहेर आली ती हवा होती; पातळी पूर्ण असती तर गरम तेलच उडाले असते. म्हणून ही परीक्षा करताना चेहरा बाजूला ठेवावा, प्लग पूर्ण काढू नये आणि शक्यतो गाडी थोडी निवल्यावरच ती करावी. ज्या गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जाऊ देणारी वाट, मोकळा आहे त्यात असा आवाज येण्याचे काही कारणच नसते.

त्याचे गणित सोपे आहे. बंद डब्यातली हवा तापली की तिचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २७ अंश सेल्सिअस असलेली हवा घाटात ८५ अंशांवर गेली, म्हणजे ३०० केल्व्हिनवरून ३५८ केल्व्हिनवर, तर आतला दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा सुमारे एक पंचमांशाने जास्त होतो. ड्राइव्ह शाफ्टच्या सीलचा ओठ दाब अडवण्यासाठी बनवलेला नसतो. तो केवळ शाफ्टवर हलका टेकून उडणारे तेल अडवतो. हा जादा दाब निघून जावा म्हणून कवचाच्या माथ्यावर एक छोटा ब्रीदर ठेवलेला असतो. तो कधी सैल टोपीच्या धातूच्या नळीच्या रूपात असतो, तर कधी वर नेलेल्या बारीक रबरी नळीच्या रूपात. तो बुजला की दाब सगळ्यांत दुबळी वाट शोधतो आणि ती वाट बहुधा ड्राइव्ह शाफ्टच्या सीलचीच असते. नवा सील घट्ट असतो तोवर काही महिने निभावतो, ओठ थोडा रुळला की पुन्हा तेल बाहेर येते. आमच्या बाबतीत दोन्ही वेळा हेच घडले होते.

ब्रीदर बुजण्याचे कारणही लगेच ध्यानात आले. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात ही गाडी बंपरच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर ती दुरुस्तीला गेली, इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे तेल बदलले गेले, आतल्या गाद्या धुतल्या गेल्या. पण गिअरबॉक्सच्या माथ्यावरच्या त्या करंगळीएवढ्या नळीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा काढल्यावर ती दिसली. टोपी जागच्या जागी फिरायला हवी होती, ती हलतसुद्धा नव्हती. पकडीने हळूच ओढून काढली तेव्हा तिच्यात पुराचा गाळ वाळून विटेसारखा घट्ट बसलेला होता आणि सुईने टोकरल्यावर त्याचे पापुद्रे सुटत होते.

ब्रीदर साफ करताना तो जमल्यास काढूनच घ्यावा, रॉकेलमध्ये किंवा ब्रेक क्लीनरने धुवावा आणि तोंडाने फुंकून हवा सहज जाते याची खात्री करून बसवावा. तो जागेवर असताना कॉम्प्रेसरची हवा मारली तर गाळ थेट गिअरबॉक्समध्ये जातो. रबरी नळी असेल तर ती कुठे दुमडलेली नाही ना हेही पाहावे. बॅटरी बदलताना ती ट्रेखाली चेपली जाते. पूर नसला तरी कोकणातली जांभ्याची तांबडी धूळ आणि पावसाळ्यातला चिखल मिळून हेच काम सावकाश करतात, म्हणून दर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गणपतीनंतर, पावसाळा सरता सरता, ही तपासणी करण्यासारखी आहे.

पाण्याचा दुसराही एक धोका आहे. तापलेला गिअरबॉक्स साचलेल्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी ब्रीदरमधून किंवा सीलच्या ओठाखालून आत ओढले जाते. तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि गाडी न चालवता ते तेल काढून टाकावे.

काकांनी एवढ्यावर सोडले नाही. ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढल्यावर सीलचा ओठ जिथे टेकतो तो गुळगुळीत पट्टा त्यांनी चिंधीने पुसला आणि मला त्यावरून नख आडवे फिरवायला सांगितले. डोळ्यांना तिथे केवळ एक चकचकीत रेघ दिसत होती, पण नख तिच्यात अडकले. अडकलेल्या दाबाने आणि पुराच्या बारीक वाळूने ओठाखालचे पोलाद कोरले गेले होते. अशा चरीवर नवा सील पुन्हा त्याच जागी टेकवला तर तो पूर्ण बंद होत नाही. चर बारीक असेल आणि कवचात जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर कमी आत बसवून ओठ ताज्या पृष्ठभागावर आणता येतो. आम्ही तेच केले. चर खोल असेल तर तिच्यावर चढवायची पातळ पोलादी स्लीव्ह मिळते, नाहीतर आतला जॉइंट बदलावा लागतो.

तिसरी तपासणी बेअरिंगची. शाफ्ट गिअरबॉक्सजवळ धरून वर-खाली हलवावा. थोडी हालचाल बऱ्याच गाड्यांत असतेच, म्हणून उजव्या बाजूशी ताडून पाहावे. एका बाजूला ती स्पष्टपणे जास्त असेल तर डिफरन्शिअलचे बेअरिंग झिजलेले असण्याची शक्यता असते आणि मग जगातला कोणताही सील तिथे फार दिवस टिकणार नाही. सुदैवाने आमच्याकडे दोन्ही बाजू सारख्या होत्या.

सील बसवताना

सगळ्यांत आधी तेल भरायचा प्लग सुटतो का ते पाहावे आणि मगच ड्रेन प्लग उघडावा. भरायचा प्लग गंजून अडकलेला असेल आणि तेल आधीच काढून टाकले असेल तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. काढलेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन न्याहाळावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मलमासारखा करडा लेप असणे स्वाभाविक आहे. त्यात दाताचे तुकडे किंवा चमकणाऱ्या चकत्या दिसल्या तर सीलचा विषय बाजूला ठेवून गिअरबॉक्स उघडावा लागेल.

हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचे, नट चाक जमिनीवर टेकलेले असतानाच सैल करावे. खालचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढल्यावर आतला जॉइंट टॉमीने (लोखंडी तरफेने), कवचाला आधार देऊन, हलक्या झटक्याने सोडवावा. ड्राइव्ह शाफ्टला धरून ओढू नये, कारण काही गाड्यांत त्यामुळे जॉइंट आतून सुटतो. जुना सील काढताना स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा कवचाच्या गोल बैठकीवर पडला तर तेल सीलच्या बाहेरच्या कडेने येऊ लागते. त्यामुळे सील काढायचा आकडा वापरणे चांगले.

नव्या सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवावी. डावा आणि उजवा सील दिसायला सारखे असले तरी कित्येक गाड्यांत ते वेगळे असतात व त्यांच्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. ओठावर बोटाने थोडे गिअर ऑइल किंवा ग्रीस लावावे. कोरडा ओठ पहिल्या काही मिनिटांतच जळतो. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट किंवा नळीचा तुकडा ठेवून तो चारही बाजूंनी समान आत जाईल असा हलक्या ठोक्यांनी बसवावा. आमचा जूनमधला सील एका बाजूने मिलिमीटरभर तिरका बसलेला होता, हे तो काढण्यापूर्वी व्हर्निअरने मोजल्यावर कळले.

ड्राइव्ह शाफ्ट परत घालताना दोन माणसे लागतात आणि येथे घाई करू नये. शाफ्टच्या टोकावरचे खाचांचे दात ओठावरून घासत गेले, किंवा शाफ्टचे वजन क्षणभर सीलवर टेकले, तरी नवा सील तिथेच कापला जातो. एकाने हब धरून ठेवावा, दुसऱ्याने शाफ्ट सरळ रेषेत आत न्यावा. टोकावरची सर्कलिप (शाफ्टला आत अडकवून ठेवणारे तारेचे कडे) नवी घालावी. शाफ्ट आत बसल्याचा खट् आवाज आला पाहिजे आणि त्यानंतर जॉइंट हाताने ओढून तो निघत नाही हे पाहावे. अर्धवट बसलेला शाफ्ट चालत्या गाडीत बाहेर सरकतो.

तेल भरणे आणि नंतरची तपासणी

तेल पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे. आमच्या गाडीला ७५डब्ल्यू-९० दाटपणाचे, जीएल-४ प्रतीचे तेल लागते. दुकानात "हे त्याहून भारी आहे" असे सांगून जीएल-५ दिले जाते, पण ते प्रामुख्याने ट्रकच्या आणि जीपच्या मागच्या डिफरन्शिअलसाठी असते. त्यात गंधक-स्फुरदाची रसायने जास्त असल्यामुळे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना ते मानवत नाही आणि गिअर अडकत पडू लागतात. गळती थांबवण्याची औषधे तेलात घालू नयेत. ती रबर फुगवून काही आठवडे गळती लपवतात आणि तेवढ्या काळात जे सील चांगले होते तेही मऊ पडतात.

गाडी चारही बाजूंनी सपाट असताना भरायच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले की भरणे थांबवावे आणि जादा तेल आपोआप ओघळून गेल्यावरच प्लग लावावा. फक्त पुढची बाजू उचललेली असताना ही पातळी चुकते. जास्त भरलेले तेल फेसाळून ब्रीदरमधून बाहेर येते आणि नवी गळती सुरू झाल्याचा भास होतो; गळतीच्या भीतीने लोक मुद्दाम पाव लिटर जास्त घालतात, ते टाळावे. काढलेले जुने तेल मातीत किंवा गटारात ओतू नये. कॅनमध्ये भरून, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

काम झाल्यावर कवच पुन्हा पुसून, पावडर मारून ५० किलोमीटरवर, नंतर ५०० किलोमीटरवर आणि एका घाटाच्या प्रवासानंतर पाहावे. पहिल्या दिवशी सीलच्या कडेला दिसणारी किंचित ओल बसवताना लावलेल्या ग्रीसची असू शकते. ती पुसावी आणि पुन्हा दिसते का पाहावे. कवचावर केवळ ओलसर पापुद्रा राहतो, थेंब पडत नाही आणि सहा महिन्यांनी पातळी तितकीच आहे, अशी स्थिती असेल तर लक्ष ठेवून थांबता येते. रात्रीत एकापेक्षा जास्त थेंब पडत असतील, डाग वाढत असेल किंवा बेल हाउसिंगमधून येत असेल तर थांबू नये. प्रवासात अचानक मोठी गळती सुरू झाली तर गाडी ओढून न्यावी, मात्र ओढताना पुढची चाके जमिनीवरून उचललेली असावीत, कारण ती फिरत राहिली तर इंजिन बंद असतानाही गिअरबॉक्सचे आतले भाग तेलाविना फिरतात.

आमच्या गाडीच्या डाव्या सीलखाली ठेवलेला पुठ्ठा नोव्हेंबर २०२२ नंतर कोरडा आहे. त्यानंतर ती ३१,००० किलोमीटर चालली आहे, त्यात कुंभार्ली घाटाच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या, आणि दर वर्षी बॅटरीचा ट्रे उचलून मी ती टोपी दोन बोटांनी फिरवून पाहतो.